मास्तर कुठे गेला?

भुसावळच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या हितेंद्रच्या कानावर शेजारच्या बाकावरचं बोलणं पडत होतं. नात म्हाताऱ्या आजोबांना कॉमिक वाचून दाखवत होती.

“आबा, हा योद्धा अमर आहे. आता तो या मास्तरच्या अंगात शिरलाय.”

“मग मास्तर कुठे गेला?”

“आतच आहे. झोपलाय.”

“घरच्यांना कळलं कसं?”

“बोलणंच बदललं ना त्याचं!”

“तुझ्या आजीनं पन्नास वर्षांत माझं नाव घेतलं नाही. तापातून उठली अन् थेट अरेतुरे करते.”

“आबा, आजार आहे तो.”

“असू दे. शेवटचं पान बघ. मास्तर जागा होतो का?”

“या अंकात नाही होत.”

आबांच्या पलीकडे बसलेली आजी त्यांच्याकडे वळली.

“तोताराम, मला घरी सोड रे. आमचे हे जेवायचे थांबले असतील.”