कर्नलसाहेबांची मूठ

...आणि वर हा उदय मलाच म्हणतो, "हेमा, तूच काहीतरी बोलली असशील!" नवरा आहे म्हणून ऐकून घेतलं हो, पण मी? मी काय बोलणार? मी हातांची फिजिओथेरपिस्ट, इथे रियाधला अल मलाझच्या हॉस्पिटलात दिवसभर लोकांची बोटं वाकवायची आणि वाकलेली सरळ करायची, कुणाचं मनगट, कुणाचं कोपर, कुणाचा खांदा... आणि मला एक माणूस येऊन सांगतो की माझ्या पिस्तुलाची मूठ चांगली आहे की वाईट ते ठरव! पिस्तुलाची! तुम्हीच सांगा, मला पिस्तुलातलं काय कळतं? आमच्या नाशकाच्या घरात सगळ्यात धारदार वस्तू म्हणजे विळी आणि सगळ्यात मोठा बार म्हणजे आमच्या आत्याबाई!

माणूस म्हणजे कोण, तर अबू तुर्की. फौजेतले निवृत्त कर्नल. डावा खांदा आखडला म्हणून माझ्याकडे यायचे. तुम्हाला सांगते, ओरडणारे पेशंट परवडले! दुसरा कुणी असता तर खांदा वर ढकलल्याबरोबर त्याने हॉस्पिटल डोक्यावर घेतलं असतं, हे नुसते माझ्याकडे बघायचे. पापणी न हलवता. मी ढकलतेय, ते बघतायत, मी घामाघूम, ते कोरडे... आणि उजवा हात सदानकदा त्या लांब पांढऱ्या थोबच्या खिशात. का खिशात? मी कशाला विचारू? दुखणं डाव्या खांद्याचं होतं!

तर एक दिवस जाता जाता दारात थांबले. वळले. आवाज एकदम खाली... त्यांचा आवाज असाच, जेवढं भयंकर बोलायचं तेवढा खाली जाणारा. "दोक्तोरा. यू नो हँड्स?" मी म्हटलं, येस. "देन यू नो ग्रिप." मी म्हटलं, मे बी. झालं! "फ्रायडे. आफ्टर प्रेयर. ब्रिंग हजबंड." आणि गेले. मे बी म्हणजे हो, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं!

मी तडक आमच्या साहेबांकडे. म्हटलं, सर, हे मला शहराबाहेर घरी बोलावतायत, पिस्तुलाची मूठ तपासायला, मी नाही म्हणू का? साहेबांनी आधी उठून केबिनचं दार लावून घेतलं. "मॅडम, त्यांना नाही म्हणणारा माणूस मी अजून बघितलेला नाही." म्हटलं, म्हणजे सगळे हो म्हणतात? "तसं नव्हे. नाही म्हणणारे नंतर दिसत नाहीत."

आता बोला!

घरी आले तर उदय खूश. हो, खूश! त्या रात्रीपासून यूट्यूब लावून बसला. "हे बघ हेमा, मुठीच्या दोन्ही पाट्या सारख्या पाहिजेत. लाकूड आणि लोखंडाच्या मधून उजेड दिसता कामा नये. स्क्रूचं डोकं वर आलेलं चालणार नाही. ती चौकड्यांची नक्षी असते ना, तिच्यावरून अंगठा फिरवायचा, बोचली पाहिजे पण ओरखडता कामा नये..." आणि हातात काय, तर माझी रवी! रवी धरून आरशासमोर नेम धरतोय! आमची रुचा खोलीतून बाहेर आली, बापाकडे बघितलं, "ओ गॉड, पपा," म्हणाली आणि परत आत गेली. मी म्हटलं, अरे बाबा, तू कितीही शिकव, मला पिस्तुलातलं काय कळतं?

शुक्रवारी दुपारी गाडी आली. काळ्या काचांची. ड्रायव्हर एक अक्षर बोलत नाही. रियाध मागे पडलं, दुकानं संपली, मग घरं संपली, मग नुसत्या भिंती, वाळूच्या रंगाच्या लांबच लांब भिंती, आणि उदयचा मोबाइल म्हणे रेंजच दाखवेना. त्याचा तो सगळा उत्साह तिथेच उतरला. एक लोखंडी फाटक आपोआप उघडलं. आत गेलो. आपोआप बंद झालं. उदय माझ्या कानात म्हणतो, "आपण रुचाला नीट सांगून आलोय ना... पत्ता?" पत्ता कुणाला ठाऊक होता!

ही त्यांची इस्तिराहा, सुट्टीत आराम करायची जागा. आराम! आत मजलिस, म्हणजे बैठकीची खोली, जमिनीलगत गाद्या, मध्ये मध्ये कोपर टेकायला टणक चौकोनी तक्के, एसी असा की दात वाजावेत. गहवा, म्हणजे त्यांची वेलचीची कॉफी, आला, खजूर आले. आणि समोर एक बुटकं टेबल, त्याच्यावर हिरवं कापड, आणि कापडावर ओळीने मुठी मांडलेल्या. नुसत्या मुठी, पिस्तूल नाही. तुम्हाला सांगते, शवागारात ओळख पटवायला बोलावल्यासारखं वाटलं!

मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून पहिलीकडे बोट केलं. छान आहे हो, कुणी केली?

"इजिप्शियन."

असं का, कुठे असतो तो?

"खलास."

उदयच्या हातातला खजूर खाली पडला. मी दुसरीकडे बोट केलं, शिंगाची होती. आणि ही?

"सीरियन."

आणि तो...?

"खलास."

तिसरीकडे बोट करायची माझी छातीच होईना!

तेवढ्यात कर्नलसाहेबांचा फोन वाजला, ते उठून बाहेर गेले, आणि कोपऱ्यात एक माणूस उभा होता, मला तोवर वाटलं होतं पडदा आहे, तो पडदा धावत माझ्याकडे आला. हारून त्याचं नाव. वझीराबादचा, तिकडे पाकिस्तानात, तिथे म्हणे चाकू-सुऱ्यांच्या मुठी करणारी घराणीच्या घराणी आहेत. शेवटची अक्रोडाची मूठ याची. "बाजी, खुदा के वास्ते मेरी बात सुन लीजिए! साहब ही मेरे कफील हैं. साहब बोले दस्ता खराब है, तो मैंने भी कह दिया, जी, खराब है. अब साहब पूछते हैं, खराब था तो बनाया क्यों! बाजी, मैं क्या बोलूँ? पहले दो भी यही बोले थे. दोनों का एग्जिट लग गया! घर में चार जनी मेरी राह देखती हैं, बाजी!"

कफील म्हणजे ज्याच्या नावावर इथला व्हिसा असतो तो मालक. म्हणजे हे खलास असं होतं. जीव गेला नव्हता, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला होता. पण तुम्हीच सांगा, इथे राहणाऱ्या माणसाला त्यात फरक तो कितीसा? मी वाईट म्हटलं, तर हा रवाना. चांगली म्हटलं, तर कर्नलसाहेब खोटे! म्हणजे मग मी रवाना, माझ्यामागे उदय, त्याच्यामागे रुचाची शाळा... अहो, मला पिस्तुलातलं काय कळतं, आणि माझ्या जिभेवर हे एवढं सगळं!

कर्नलसाहेब परत आले. बसले. उजवं कोपर त्या टणक तक्क्यावर. "चेक."

मी एकेक मूठ उचलली. उदयने शिकवलेलं सगळं केलं. उजेडाकडे धरली, फट शोधली, स्क्रूवरून नख फिरवलं, नक्षीवरून अंगठा फिरवला. मग डोळे मिटून नुसती धरून बघितली, कारण ते एक मला खरंच येतं, वस्तू हातात भरते की नाही ते हात सांगतो. आणि तुम्हाला सांगते, मी सगळ्या परत एकदा धरून बघितल्या. एकही वाईट नव्हती! इजिप्तवाल्याची नाही, सीरियावाल्याची नाही, आणि हारूनची तर अशी की तळव्याचा खळगा बरोब्बर भरून निघावा. मग हा माणूस एवढ्या चांगल्या मुठी नाकारतो का?

मी म्हटलं, सर, तुम्ही एकदा धरून दाखवा.

त्यांनी पेटीतून पिस्तूल काढलं, गोळ्यांचं मॅगझिन काढून बाजूला ठेवलं, आतलं रिकामं आहे ते मला दाखवलं. उदयला पण दाखवलं असतं, पण उदय तक्क्यामागे होता! मग पिस्तुलाला हारूनची मूठ बसवली आणि उजवा हात... मी पहिल्यांदाच बघत होते तो हात, उजेडात, उघडा. त्यांनी हात भिंतीकडे लांब केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुठीवर नुसती ठेवलेली, धरलेली नाहीत. पिस्तुलाचं तोंड हळूहळू खाली... आणि अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये जिथे मांसाचा उंचवटा असतो ना, बघा, तुमच्या हाताला बघा, तिथे यांच्या हाताला खड्डा! वाटीसारखा खड्डा!

मला पिस्तुलातलं काही कळत नाही हो. पण हातातलं कळतं. आणि त्या क्षणी वाटलं, कळलं नसतं तर बरं झालं असतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. गप्प बसावं, मूठ वाईट आहे म्हणावं, खजूर खावेत, घरी जावं. हारूनकडे बघितलं. तो भिंतीला चिकटून डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. मी टिश्यू पेपर उचलला. म्हटलं, सर, हे ठेवा खाली, आणि हा कागद अंगठा आणि पहिल्या बोटात धरा. घट्ट. मी ओढते.

ओढला. आला! झाडावरून पिकलं पान यावं तसा आला. त्यांनी परत धरला, दात आवळून, कपाळाची शीर तटतटली. मी ओढला. परत आला.

मी म्हटलं, "सर, मुठीत खोट नाही. एकाही मुठीत नाही. खोट हातात आहे."

तक्क्यामागून उदय "अरे देवा" म्हणाला ते मराठीत होतं, पण सगळ्यांना कळलं!

कर्नलसाहेब बघत राहिले. पापणी हलेना. किती वेळ, विचारू नका, माझं अर्धं सामान मी मनातल्या मनात बांधूनसुद्धा झालं. मग ते बोलले, आवाज नेहमीसारखा खालीच, पण तुम्हाला सांगते, तो वेगळा होता. "माय फादर्स हँड... सेम." त्यांच्या वडिलांचा हात असाच सुकत गेला होता. शेवटी शेवटी गहव्याचा पेला आई त्यांच्या ओठाला लावायची. आणि यांचा हात सुकायला लागला तेव्हा यांनी तो खिशात घातला. डॉक्टरकडे जायला धजले नाहीत, म्हणून मूठ बदलली. परत मूठ बदलली. "मी सगळ्यांना विचारलं, मूठ कशी आहे? मी वाईट म्हटलं, ते वाईट म्हणाले. ज्याने केली तोसुद्धा! एक माणूस म्हणाला नाही, मूठ चांगली आहे."

घाबरलेला माणूस समोरच्याला किती घाबरवतो बघा... मी म्हटलं, सर, वडिलांचं मला ठाऊक नाही, पण तुम्ही निवृत्त झाल्यापासून त्या टणक तक्क्यावर कोपर रोवून बसताय, तिथूनच करंगळीची नस जाते, अंगठ्याजवळचं ते मांससुद्धा तीच चालवते. ती दबली असेल तर सोडवता येते. आधी तपासणी करा.

तपासणी झाली. नस कोपरातच दबलेली निघाली. ऑपरेशन झालं. मुंग्या गेल्या, बोटांत थोडी ताकद आली, गहव्याचा पेला आता स्वतः धरतात. पण गेलेलं मांस परत आलं नाही. सर्जननी सांगितलं, नेमबाजी बंद. त्यांनी पिस्तूल आणि लायसन दोन्ही जमा करून टाकलं. ज्या दिवशी जमा केलं त्या दिवशी माझ्याकडे येऊन हात टेबलावर ठेवून नुसते बसले. मी बोटं चोळत राहिले.

हारून राहिला. इजिप्तवाल्याला परत बोलावलं, तो आला. सीरियावाल्याला बोलावलं, तर त्याने फोनच बंद करून टाकला, कर्नलसाहेब गोड बोलतायत म्हणजे नक्की काहीतरी भयंकर आहे!

छान झालं ना? संपलं ना? कुठलं संपतंय! अहो, आयुष्यभर नेम धरलेला माणूस रिकाम्या हाताने करणार काय? कविता करायला लागले! उंटावर, वाळूवर, गेलेल्या दिवसांवर. आणि अख्ख्या सौदीत खरं बोलणारी एकच बाई म्हणून दर शुक्रवारी ती काळ्या काचांची गाडी माझ्या दारात! ते खालच्या आवाजात अरबीत म्हणतायत, हारून माझ्या कानात अर्थ सांगतोय, "बाजी, इस में ऊँट रो रहा है... अब दूसरा ऊँट भी रो रहा है..." आणि संपलं की तीच नजर. "दोक्तोरा. ट्रुथ."

तुम्हाला सांगते, पिस्तुलापुढे एकवेळ खरं बोलता येतं हो, कवितेपुढे नाही. "फार सुंदर," म्हणते, आणि गुपचूप गहवा पिते!