चपला कुठे ठेवू?

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर म्हातारा शिंपी आत दाखल असलेल्या बहिणीसाठी ताटकळत बसला होता. समोर एक सासू-सून. सासूला नवऱ्याच्या शेवटच्या भेटीसाठी आत बोलावलं होतं, पण ती काढलेल्या चपला हातात धरून दाराशीच घुटमळत होती.

“आई, चला ना! बाबांकडे फार वेळ नाही म्हणाले डॉक्टर.”

“चपला कुठे ठेवू?”

“अहो, इथून कोण नेतंय चपला!”

“देवळातून एकदा गेल्या होत्या. तेव्हापासून हे बाहेर बसायचे, माझ्या चपला मांडीवर घेऊन. म्हणायचे, तू निवांत डोळे मीट.”

“आणि स्वतः?”

“कधी पायरी चढले नाहीत. मी आपली जन्मभर नास्तिक म्हणून टोचत राहिले गं, चारचौघांतसुद्धा. नुसते हसायचे.”

“आता त्यांच्यासाठी हात जोडा, आई.”

“मघापासून तेच करतेय. पण डोळे मिटले की लक्ष चपलांवर. इतक्या वर्षांत कधी गेलं नव्हतं बाई.”

शिंपी उठला.

“ताई, द्या माझ्याकडे.”

“मळक्या आहेत हो.”

“असू द्या. जा तुम्ही, निवांत.”

ती सुनेबरोबर अनवाणी आत गेली. थोड्या वेळाने आतून रडणं ऐकू आलं. शिंप्याने चपला मांडीवरून खाली ठेवल्या नाहीत.