आमच्या घरात सगळ्या काविळीनं गेल्या

मी मूळची कापड्याची, पोलादपूरच्या पुढं, तिथं आमची बौद्धवाडी हाय, आता सगळ्यांची पक्की घरं झाली, माझ्या लहानपणी कुडाची व्हती. बा भातशेती करायचा, जमीन थोडी, पण खाण्यापुरतं व्हायचं. आम्ही तिघं भावंडं, मोठी ताई, मधला दादा आणि मी शेंडेफळ. नाव सुलोचना, पण सगळी सुला बोलतात, शाळेतली पोरं सुलामावशी बोलतात. शाळेत म्हंजे मी शिकवत नाय हो, खिचडी शिजवते, पोलादपुरात, सोळा वर्षं झाली. वाढताना पोरांना दटावते, खोटं बोलायचं नाय, ताटातलं टाकलंस का खाल्लंस ते खरं सांग. आणि मी सोता काय केलं ते आता सांगते तुम्हाला, लिहा, लपवून लपवून कटाळा आला.

आईचं पोट फुगायला लागलं तेव्हा मी नववीत व्हते. हातपाय वाळलेले आणि पोट तेवढं वर. वाडीतल्या बाया पाणवठ्यावर हसायच्या, सुले, तुला भाऊ येणार काय गो आता. मी घरी येऊन आईवरच चिडायचे, मला लाज वाटायची तिची, ते पण माझंच पाप. आई पोटाला पदर घट्ट बांधून भाताच्या लावणीला जायची. मग चुलत्यानं मुंबईला नेली, मोठ्या हास्पिटलात दाखवली, तिथं बोलले अंडाशयाचा कॅन्सर हाय, लय उशीर केलात, घरी न्या. दोन महिने राहिली. शेवटी शेवटी पिवळी पडलेली, डोळे पण पिवळे, त्याच्यावरनंच बाच्या डोक्यात आलं असंल. मातीला माणसं जमायच्या आधी त्यानं आम्हा तिघांना आतल्या खोलीत घेतलं न् बोलला, कुणी इचारलं तर कावीळ सांगायची. दोन पोरी उजवायच्या हायत माझ्या, कॅन्सरच्या घरातली पोरगी कोण करंल.

कावीळ बरी, कावीळ येते न् जाते, तिला कोण भीत नाय, ती काय रक्तातनं पुढं जात नाय. आणि बाचं काय चुकलं सांगा, आमच्या इकडं बैठकीला माणसं बसली की शेती इचारतात, नोकरी इचारतात, आणि मग हळूच इचारतात, घरात कुणाला काय दुखणंबिखणं. ताईचं लगीन झालं, माझं झालं, दोन्ही वेळेला कावीळच सांगितली. मग बा गेला. मग ताई गेली, भांडुपला दिलेली, मूलबाळ नव्हतं तिला, तिचं पण तेच, तेच पोट, तेच सगळं. दादा बोलला, आधी जे सांगितलंय तेच सांगू, उगाच दोन तोंडं कशाला. मी बोलले बरं. एकच खोटं इतक्या वेळा बोललं ना, की ते घरातल्या जुन्या भांड्यासारखं होतं, कुणी आणलं, कधी आणलं, कुणी इचारत नाय, रोजच्या वापरात असतं.

माझ्या पोरींना पण मी तेच दिलं वापरायला. दोन पोरी मला, मोठी प्रज्ञा, धाकटी करुणा. नवरा माझा वारला, आठ वर्षं झाली, तेव्हापासनं दादाच सगळं बघतो. करुणा बिनधास्त हाय, पण प्रज्ञा भित्री, तिनं ते काविळीचं इतकं मनावर घेतलं की काय सांगू तुम्हाला, पाणी उकळून प्यायची, शाळेच्या सहलीला घरची बाटली, जत्रंत बर्फाचा गोळा नाय, उसाचा रस नाय. आजी न् मावशी दोघी काविळीनं गेल्या, आपल्याला जपायला पायजे, असं बोलायची. आणि मी हसायचे, अगो गॅस संपवशील. हसायचे हो मी. तोंड शिवलेलं असतं तर बरं झालं असतं.

प्रज्ञाला महाडचं स्थळ आलं, पोरगा एमायडीसीत कंपनीत, माणसं चांगली, सासू मोठी खमकी पण मनानं सरळ. बैठकीला आमच्याकडं पोरीच्या मामानं बोलायचं असतं, घराण्याची हमी मामानं द्यायची. पोराच्या काकांनी इचारलं, पोरीची आजी लवकर गेली ऐकलं, कशानं. दादा चटकन बोलला, काविळीनं. मी दाराआड चहाचा ट्रे धरून उभी, माझ्या छातीवरनं धोंडा उतरला, खरं सांगते, वाईट वाटलं नाय मला, बरंच वाटलं. लगीन थाटात झालं.

चार वर्षं झाली त्याला. गेल्या साली भातकापणीच्या टायमाला प्रज्ञाचा फोन, आई, डाव्या बाजूला ओटीपोटात दुखतंय, पाळी पण मागंपुढं होते. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी खिचडी सोबतीणीवर टाकली न् सकाळच्या एस्टीनं महाड गाठलं. सोनोग्राफी झालेली, डाव्या अंडाशयावर गाठ, मोठ्या लिंबायेवढी. आम्ही तिघी डाक्टर मॅडमपुढं बसलो, प्रज्ञा, तिची सासू आणि मी. मॅडम चांगल्या, निवांत बोलणाऱ्या, त्यांनी इचारलं, घरात कुणाला कॅन्सर होता का, आईकडच्या बाजूला खास करून. प्रज्ञा झटकन बोलली, नाय मॅडम, आजी न् मावशी दोघी लवकर गेल्या, पण त्या काविळीनं. इतकी खात्रीनं बोलली पोर. मॅडमनं माझ्याकडं बघितलं, आई, बरोबर ना?

आणि मी मान हलवली.

तुम्ही म्हणाल बाई हाय का कोण हाय. सासू बाजूला बसलेली ना, मांडीवर पोरीची फाइल घेऊन. तीन वर्षांचा संसार, अजून पदरात लेकरू नाय, आणि त्यात मी सांगू की आम्ही तुम्हाला फसवलं? मॅडम बोलल्या, मग घाबरू नका, गाठ साधीच वाटतेय, अशा पुष्कळ आपोआप जातात, दोन महिन्यांनी परत बघू. प्रज्ञा खूष झाली. बाहेर आल्यावर मला बोलली, आई, बघ, उगाच तुला धावडवलं. सासूनं भजी मागवली. मी पण खाल्ली, गिळली म्हंजे.

अकरा दिवस मी तशीच राहिले. खिचडीला दोनदा तळ लागला, सोळा वर्षांत कधी लागला नव्हता. मास्तर बोलले, सुलामावशी, बरं नाय का. डोळ्यांपुढं आईचं पोट दिसायचं. दादाकडं गेले कापड्याला, बोलले, दादा, आता सांगायला पायजे. तो बोलला, खुळी हायस काय, आपोआप जाणारी गाठ हाय, मॅडमनंच सांगितलं ना, आणि सासरच्यांनी परत पाठवली पोरीला तर? मी बोलले, मॅडमनं जे सांगितलं ते माझ्या मानेवर सांगितलं, माझ्या मानेचं ऐकून दोन महिने थांबवलं तिला, आईचं पण असंच थांबलं व्हतं. तो उठून बाहेर गेला.

मग मी महाडला गेले. वाटेत ठरवलेलं, प्रज्ञाला एकटीला गाठून सांगू, मग ती बघंल. पण गेले तर दोघी सासूसुना खाली बसून मोड आलेलं बिरडं सोलत बसलेल्या, मला पण बसवलं, परात मधे सरकवली. मी दहा-बारा वाल सोलले असतील. मग प्रज्ञाकडं बघायची हिंमत झाली नाय म्हणून परातीकडं बघूनच बोलले, तुझी आजी काविळीनं नाय गेली. कॅन्सरनं गेली, अंडाशयाच्या. मावशी पण. आम्ही सगळ्यांनी मिळून खोटं सांगितलं, तुला पण, ह्यांना पण.

प्रज्ञानं हातातला वाल परातीत टाकला. मग प्रज्ञा बोलली, मग मी आजवर पाणी कशाला उकळत व्हते गो आई? रागानं नाय बोलली हो, खरंच इचारलं तिनं, लहान पोर इचारतं तसं. रागावली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर मी सोसलं असतं.

सासूनं हात पदराला पुसले. मला बोलली, हे बघा इनबाई, खोटं नाय बोलत, बैठकीत सांगितलं असतंत तर आम्ही चहा पिऊन उठून गेलो असतो. मी बोलले, म्हाईत हाय. ती बोलली, पण आता ती माझ्या घरातली हाय. आणि उठली, कपाटातनं फाइल काढली, प्रज्ञाला बोलली, गाऊन बदल, दवाखाना एकला बंद होतो. बिरडं तसंच अर्धं परातीत राहिलं.

मॅडमनं मला काय काय बोलावं, ते त्या बोलल्याच नाय. नुसतं एवढंच, आई, हे त्या दिवशी सांगायला हवं होतं. कागदावर त्यांनी आधीचं खोडून नवीन लिहिलं. मग रक्ताच्या तपासण्या, मोठ्या मशिनीतला फोटो, मुंबईची चिठ्ठी. तिथल्या डाक्टरांनी थांबायचं नाय ठरवलं, गाठ काढली, तपासायला पाठवली. रिपोर्टाला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत मी बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून बसायचे, पण मागायचं कुठल्या तोंडानं, नुसती बसायचे. साधी निघाली गाठ. आता सहा सहा महिन्यांनी दाखवायचं, तिला पण आणि मला पण, कारण मॅडम बोलल्या, तुमच्या आईला, तुमच्या बहिणीला, मग मधली तुम्ही, तुम्ही कधी दाखवलंत? मी कधीच दाखवलं नव्हतं. दाखवलं आता, काय नाय माझ्यात सध्या.

लोक बोलतात, साधी निघाली ना, मग कशाला मनाला लावून घेतेस. गाठ साधी निघाली म्हणून माझं मान हलवणं साधं होत नाय. प्रज्ञा माझ्याशी बोलते, सगळं नीट हाय, पण मी काय पण सांगायला गेले, अगदी भाजीत मीठ घातलं असं जरी बोलले, तरी क्षणभर माझ्या तोंडाकडं बघते, खरं बोलते का म्हणून. तिला कळत पण नसंल ती बघते ते. मला कळतं.

आता करुणाचं बघतोय. गेल्या महिन्यात उमरठच्या बाजूचं स्थळ आलेलं, पोरगा ग्रामपंचायतीत डेटा ऑपरेटर, करुणाच्या मनात भरलेला, फोनमधे त्याचा फोटो दोनदा बघताना मी तिला पकडली व्हती. माणसं आली, बसली. दादा आलेला, मामा ना तो. तिकडच्या म्हाताऱ्यानं इचारलं, पोरीची आजी लवकर गेली म्हणं. दादानं तोंड उघडलं, क आला असंल बाहेर, तोवर मी पोह्यांच्या बश्या खाली ठेवल्या न् बोलले, कॅन्सरनं. माझी आई पण, माझी बहीण पण. आम्ही तपासण्या करतो, करुणाच्या पण करणार. म्हातारा माणूस चांगला, बोलला, खरं बोललात बाई, बरं वाटलं. त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, कळवतो बोलून गेले. महिना झाला, फोन नाय. दादा पण बोलत नाय माझ्याशी, बोलला, एकीला खोटं बोलून घोर लावलास, दुसरीचं खरं बोलून मोडलंस. त्याचं पण काय खोटं हाय सांगा.

करुणानं फोटो काढून टाकला फोनमधनं. चार दिवस घरात भांडी तेवढी जोरात वाजायची. पाचव्या दिवशी मी भाकऱ्या करत व्हते, ती मागं उभी राहून बोलली, आई, पुढचं स्थळ आलं ना, तर आधी फोनवर सांगून टाक सगळं. मग यायचं तर येऊ देत, मग पोहे कर. मी बोलले, आणि कोण आलंच नाय तर? ती बोलली, तर आपण खाऊ.

अशी हाय पोर. चांगलं होवो तिचं, दोघींचं होवो, तुमच्या पण लेकीबाळींचं होवो. चला, मला निघायला पायजे, शाळेत तांदूळ धुवायचेत.