हॉल नंबर चारमधले स्वयंप्रकाशित

...नाही, पण मला सांगा, पाच मिनिटं म्हणजे किती? पाचच ना? मग चोवीस जणांपैकी तेवीस जणांनी मला फोन करून का विचारावं, की "मॅडम, पाच मिनिटं म्हणजे साधारण किती हो?" साधारण! अहो, दूध गॅसवर ठेवून जरा पाठ वळवली की ते उतू जातं ना, तेवढी! एकानं तर सांगितलं, "माझी प्रस्तावनाच अकरा मिनिटांची आहे, ती धरून की सोडून?" म्हटलं, ती सोडून, आणि शक्य असेल तर कायमची सोडून!

तर झालं काय, तुम्हाला सांगते... मी प्रूफं तपासते. लोकांची पुस्तकं छापायला जायच्या आधी त्यातले ऱ्हस्व-दीर्घ मी वळणावर आणते, तीस वर्षं हेच करतेय. आणि माझ्याकडे येतात कोण? मोठ्या प्रकाशकांची आपापली माणसं असतात, ते कशाला येतील! माझ्याकडे येतात ते स्वतःचं पुस्तक स्वतःच छापणारे. नाहीतर छोटे प्रकाशक. छोटे म्हणजे किती छोटे? एक नवरा-बायको आहेत, त्यांची प्रकाशनसंस्था म्हणजे ती दोघं आणि एक स्टेपलर! आणि ही पुस्तकं छापून झाली की जातात कुठं? पलंगाखाली. खोटं नाही सांगत, या शहरात पलंगांखाली जेवढं साहित्य आहे ना, तेवढं लायब्ररीत नसेल.

आणि दरवर्षी तीन दिवसांचं मोठं पुस्तक संमेलन भरतं, त्यात यांना जागा कुठं? प्रेक्षकांत! म्हटलं, हे काही बरोबर नाही. आमच्या ह्यांना सांगितलं, "यंदा या सगळ्यांचा एक कार्यक्रम संमेलनात व्हायलाच हवा." आमचे हे शाळेत खेळाचे मास्तर होते, निवृत्त झाले तरी प्रत्येक गोष्टीकडे सामना असल्यासारखं बघतात. म्हणाले, "अगं, तुझी टीम कच्ची आहे, मैदान त्यांचं आहे, पंच त्यांचा आहे. सोड." पण मी म्हटलं, करायचं म्हणजे करायचं!

गेले संमेलनाच्या सचिवांकडे. गोरे, गुळगुळीत, बोलायला अतिशय गोड. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघू." पुढच्या आठवड्यात गेले, "बघू." सहा वेळा गेले हो, सहा वेळा "बघू"! सातव्यांदा मी जेवणाचा डबा घेऊनच गेले. त्यांच्या टेबलासमोर बसले, डबा उघडला, शेजारी प्रूफं पसरली आणि म्हटलं, "तुम्ही बघा सावकाश, मी इथंच काम करते. अकराशे पानांचा शब्दकोश आहे, आत्ता कुठं 'क'वर आलेय." अर्ध्या तासात बघितलं त्यांनी! हातात पत्र. दुसरा दिवस, दुपारी तीन ते पाच, हॉल नंबर चार.

आता गंमत ऐका. इमारतीच्या नकाशावर हॉल तीनच! वॉचमनला विचारलं, तो डोकं खाजवत म्हणाला, "चार? म्हणजे ती वरची खुर्च्यांची खोली का?" वर जाऊन बघते तर जमिनीपासून छतापर्यंत खुर्च्या! म्हणजे खुर्च्यांची काळजी मिटली, माणसं कुठं ठेवायची एवढाच प्रश्न. दुसरी कुणी असती तर तिथंच हात टेकले असते...

पण मला हात टेकता येत नव्हते, कारण मी शब्द दिला होता. कुणाला? सिस्टरना. सिस्टर म्हणजे सरकारी इस्पितळातल्या निवृत्त नर्स, चौतीस वर्षं नोकरी. त्यांनी पुस्तक लिहिलं, वॉर्डातल्या माणसांबद्दल. प्रत्येक प्रकरणाला खाटेचा नंबर. मी तपासायला घेतलं आणि तुम्हाला सांगते, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून चुका सुटल्या. दिसतच नव्हतं ना पुढचं! तीनशे प्रती छापल्या बाईंनी आणि ठेवल्या... कुठं ते सांगायला नकोच. एकदा एका वाचनालयानं त्यांना वाचायला बोलावलं होतं, तर समोर कोण? दिवे बंद करायला थांबलेला शिपाई! तेव्हापासून त्या कुठं जायलाच तयार नाहीत. मी पाठ सोडेना, तेव्हा म्हणाल्या, "ताई, आडवी माणसं मी आयुष्यभर बघितली. आता एकदा वाचीन तर समोर बसलेली हवीत." मी बोलून गेले, "सिस्टर, पन्नास माणसं! बसलेली!" पन्नास का म्हटलं, देव जाणे. वीस म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण आता म्हटलं ना? मग करायचं म्हणजे करायचं!

मग सुरू झाले फोन. "मॅडम, माझा नंबर कितवा?" सगळ्यांना पहिला नंबर हवा, आणि सगळ्यांना वाचून झाल्या झाल्या 'जरा निघायचं'! त्यात आमचे नऊ-पुस्तकवाले. या गृहस्थांनी नऊ कवितासंग्रह काढलेत, नऊच्या नऊ स्वखर्चानं. ते म्हणाले, "मी पहिला वाचतो, मग मला एका साखरपुड्याला जायचंय." म्हटलं, कुणाच्या? तर म्हणाले, "ठरतोय अजून." बघा! म्हणजे पहिला वाचून गेला, दुसरा वाचून गेला, की चोविसावा पुन्हा शिपायालाच वाचून दाखवणार!

दोन दिवस विचार केला आणि एक स्टीलचा डबा घेतला. चोवीस चिठ्ठ्या. ज्याचं नाव निघेल त्यानं उठायचं, आधी कुणालाच काही ठाऊक नाही. आता जा बघू उठून! आमचे हे म्हणाले, "ही फसवणूक आहे." म्हटलं, ह्याला नियोजन म्हणतात, आणि तुम्ही तुमची शिट्टी आणि कार्डं घेऊन यायचंय. पाच मिनिटं झाली की शिट्टी. तरी थांबला नाही तर पिवळं, मग लाल! तेव्हा कुठं त्यांच्या चेहऱ्यावर जरा तेज आलं.

आणि मग संमेलनाची कार्यक्रमपत्रिका छापून आली...! मी त्यांना नाव दिलं होतं, 'स्वयंप्रकाशित लेखक : ओळख आणि दर्शन'. जागा पुरली नाही म्हणून त्यांनी काय काढावं? 'लेखक'च काढला! उरलं काय? 'स्वयंप्रकाशित : ओळख आणि दर्शन'. आणि छापलं कुठं? विज्ञान विभागात! मी सचिवांना फोन केला, "अहो, हे ताऱ्यांबद्दल वाटतंय!" तर म्हणाले, "छान आहे की मॅडम, उदात्त वाटतं."

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. आम्ही दोघांनी सकाळपासून खुर्च्या उतरवल्या, मांडल्या, ऐंशी तरी असतील. पावणेतीनला लेखक आले, लांबलांब बसले, मध्ये दोन-दोन खुर्च्या सोडून, एकमेकांचं साहित्य लागू नये म्हणून! सिस्टर शेवटच्या रांगेत, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत चाळीस प्रती. नजर सारखी दाराकडे. तेवढ्यात खालच्या मोठ्या हॉलमधून आरोळ्या! काय, तर एका नटाच्या आत्मचरित्राचं प्रकाशन, तेसुद्धा तीन वाजताच! आता वर कोण येणार हो? मी मोजले, लेखक-प्रकाशक मिळून चोवीस. संपलं.

आणि दारात एक सद्गृहस्थ उभे. गळ्यात दुर्बीण! मागं ओळीनं माणसं, प्रत्येकाच्या हातात वही. "नमस्कार, आम्ही आकाशनिरीक्षण मंडळ. सव्वीस सभासद. स्वयंप्रकाशितांचा कार्यक्रम इथंच ना?" आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे सांगून टाक. मी दुर्बिणीकडे बघितलं आणि म्हटलं, "इथंच! या, बसा, पुढंच बसा!" खोटं काय त्यात? नाही, तुम्हीच सांगा, एक अक्षर तरी खोटं बोलले का मी?

सुरुवात केली. पहिली चिठ्ठी, दुसरी, तिसरी... एक इतिहासवाले, एक विनोदी कथावाल्या, त्या बाईंनी हसवलं बरं का! दुर्बीणवाले मध्येच हात वर करून, "तारे कधी?" म्हटलं, येतील. चौथी चिठ्ठी नऊ-पुस्तकवाल्यांची. ते नऊ संग्रह काखोटीला मारून उठले, "प्रत्येकातली एकेकच वाचतो." पाच मिनिटांनी शिट्टी. ते म्हणाले, "वा, दाद!" आणि पुढं चालू! पिवळं कार्ड. "हे काय?" "ताकीद." तरी चालू! शेवटी आमचे हे मैदानात घुसावे तसे पुढं गेले आणि लाल कार्ड असं त्यांच्या नाकासमोर धरलं! चौथ्या संग्रहावर बाद. बसले, पण फुगून.

आणि सव्वाचारला दार उघडून कोण आत यावं? सचिव! मागं चार हमाल. "मॅडम, खाली तुफान गर्दी झालीय, खुर्च्या कमी पडतायत, इथल्या सगळ्या द्या." सगळ्या! म्हणजे माझी माणसं उभी! सहा आठवडे मी ज्या क्षणाची वाट बघत होते ना, तो असा चालत आला. मी म्हटलं... "बघू."

त्यांना कळेना. म्हटलं, "ज्या खुर्चीवर माणूस नाही, ती न्या. ज्या खुर्चीवर माणूस आहे, तिला हात लावलात तर मी शब्दकोश घेऊन येईन, आता 'म'वर आहे!" हमालांनी रिकाम्या खुर्च्या उचलल्या, लेखकांना नाइलाजानं एकमेकांशेजारी सरकावं लागलं, आणि... अहो, एकदम भरलेला हॉल! एकही खुर्ची रिकामी नाही! मोजले पुन्हा. सिस्टर सोडून तेवीस, आकाशवाले सव्वीस, एकोणपन्नास. आणि दारापाशी स्टुलावर शिट्टी घेऊन आमचे हे. पन्नास! बसलेले!

मी डब्यात हात घातला. आता तुम्हाला म्हणून सांगते, सिस्टरची चिठ्ठी डब्यात नव्हतीच, ती मी सकाळपासून मुठीत धरून होते, घामानं लगदा झाला होता तिचा. "सिस्टर!"

त्या उठल्या. पुस्तक काढलं, पिशवी खुर्चीवर ठेवली. खालून नटाच्या टाळ्या ऐकू येतायत, आणि या हळू आवाजात, "खाट नंबर अकरा."

अकरा नंबरला एक माणूस होता. भेटीची वेळ चार ते सहा. सगळ्या खाटांभोवती माणसं, ह्याला कुणी नाही. हा भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचा. तर ड्युटी संपली की सिस्टर गणवेश बदलायच्या, साध्या कपड्यांत बाहेर जायच्या, फाटकावर पास घेऊन भेटायला आलेल्यांच्या रांगेतून पुन्हा आत यायच्या, दोन संत्री घेऊन. "कोण आलंय?" तो विचारायचा. "पाहुणी." रोज...

पाच मिनिटं झाली. आमच्या ह्यांनी शिट्टी तोंडाला लावली. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले, सिस्टरही थांबल्या. आणि ते स्टेपलरवाले नवरा-बायको, ज्यांची चिठ्ठी अजून निघायची होती, ती बाई उठून म्हणाली, "आमच्या दोघांची दहा मिनिटं त्यांना द्या." मग मागून एक जण, "माझीपण." शिट्टी खाली आली. आणि नऊ-पुस्तकवाले! उठले, घसा खाकरला, म्हणाले, "माझी संपलीयत. पण मी... मी गप्प बसतो." अहो, त्या माणसाकडे द्यायला याहून मोठं काय होतं?

सिस्टर वाचत राहिल्या. एकदा त्यांची दुसऱ्या वॉर्डात बदली झाली, तिथून निघायला उशीर झाला, त्या सव्वाचारला पोचल्या. तर तो माणूस भिंतीकडे तोंड करून नव्हता. भांग पाडून, उशीला टेकून बसला होता. म्हणाला, "आज गाडीला गर्दी होती वाटतं?" ज्या इमारतीत बाई दिवसभर राबत होत्या, त्याच इमारतीत! त्याला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "हो ना, फार गर्दी." आणि संत्रं सोलायला घेतलं.

बास, एवढंच. पुस्तक मिटलं त्यांनी. आमच्या ह्यांनी रुमाल काढला, नाक पुसलं, त्याच हातातली शिट्टी तोंडाला लागली आणि चुकून वाजली! आणि मग टाळ्या, अशा टाळ्या, की खालचा नट थांबला असेल!

पाचला आम्हाला हॉल सोडायला लागला, चौघांचं वाचन राहिलं, त्यांची अजून माझ्याशी कट्टी आहे. पण सिस्टर जिना उतरल्या तेव्हा पिशवी रिकामी होती. खालच्या पायरीवर माझा हात धरला, बोलल्या एवढंच, "सगळी बसली होती हो, ताई."

दुर्बीणवाल्यांपुढं मी कान धरले, म्हटलं, माफ करा, तारे नव्हते. ते म्हणाले, "ते आम्हाला तुम्ही 'येतील' म्हणालात तेव्हाच कळलं होतं. पण ऐकावंसं वाटलं." ऐकावंसं वाटलं! अहो, तीस वर्षं मी या धंद्यात आहे, स्वतःचं काही वाचायचं नाही आणि नुसतं ऐकायला बसलेत, अशी माणसं मी पहिल्यांदा बघितली! सव्वीस! मी त्यांची नावं लिहून घेतली, पत्ते घेतले, म्हटलं, पुढच्या वर्षी मोठा हॉल मागायचा, चांगला दोन दिवसांचा कार्यक्रम करायचा, करायचं म्हणजे करायचं, श्रोत्यांची आता चिंताच नाही!

काल दुपारी दाराची बेल वाजली. बघते तर दुर्बीणवाले, मागं ओळीनं सगळं मंडळ, प्रत्येकाच्या हातात तीच वही. म्हणाले, "मॅडम, सिस्टरांचं ऐकल्यापासून आम्हालाही सुचायला लागलंय. जरा ऱ्हस्व-दीर्घ बघून द्याल का?"

सव्वीस वह्या आहेत टेबलावर. सव्वीस! जगात होते नव्हते तेवढे वाचक शोधून काढले हो मी... आणि एका दुपारीत सगळ्यांचे लेखक करून टाकले!