हात वर दिसला की

— नको, मशीनच्या दोरीला एवढ्यात हात लावू नकोस. आधी पाय बघू. बघ, चपला. फोनवर मी काय म्हटलं होतं, बंद बूट घालून ये म्हणून? राहू दे, ओशाळू नकोस, इथल्या उकाड्यात बूट कोण घालतंय. दाराशी ते तपकिरी आहेत ना, यांचे, ते चढव. होतील तुला. मोजे आतच खोचलेत, धुतलेले आहेत — घालत कुणी नाही, तरी धुते मी. तर तू युनिव्हर्सिटीत संशोधन करतोस, उन्मेष, आणि बेडोकला ज्यांच्याकडे खोली घेतलीयस त्या आजींचं आवार मोठं आणि गुडघे गेलेले, म्हणून पानं काढायचं काम तू अंगावर घेतलंस. चांगलं केलंस. हे मशीन विकायची जाहिरात विभाने टाकली, माझ्या मुलीने. ऑफिसला गेलीय ती. तिने तुला संध्याकाळी बोलावलं होतं ना? मीच म्हटलं सकाळी ये, आणि येताना कोपऱ्यावरच्या पंपावरून पेट्रोल घेऊन ये. सांगते का ते. आधी चष्मा. तुझा नंबरचा असू दे, त्याच्यावरून हा बसतो.

तू यांना पाहिलेलं नाहीस. शेजारचे मिस्टर टॅन ‘श्री’ म्हणतात त्यांना, आख्खं श्रीनिवास काही त्यांच्या जिभेवर बसत नाही. जन्मभर पिंपरीला कारखान्यात सेफ्टी बघायचे. कुणाचं बोट जाऊ नये, कुणाचा डोळा जाऊ नये, उठता-बसता तोच विचार. रिटायर झाल्यावर विभाकडे आलो, इथे परदेशात, बुकित तिमाहला, तर तिने भाड्याने घेतलेल्या या जुन्या घराला एवढं आवार — पानं गटारात जायची, पाणी तुंबायचं, आणि इथे पाणी तुंबलं की डेंग्यूचे डास शोधायला माणसं दारात. झाडू मारून यांची कंबर धरायची. मग पानं उडवायचा हा ब्लोअर घेतला. बॅटरीवरचा घ्या ना बाबा, आवाज कमी, विभा म्हणाली. पण यांना पेट्रोलचाच हवा. इंजिनाशी बोलता येतं म्हणे, बॅटरीशी काय बोलणार! आणि पहिला नियम काय — मशीन हातात घ्यायच्या आधी आवारातून एक फेरी. खडा, काच, खिळा, तारेचा तुकडा, दिसेल ते उचलायचं, कारण पानाखाली खडा राहिला की हे मशीन तो गोफणीसारखा भिरकावतं. आणि मी त्याच वेळी बकुळीखाली. ती बघ, भिंतीजवळ. या गावात रस्त्यारस्त्याला आहे ती, पण लोकांना नुसती सावलीसाठी, वेचत कुणी नाही. खाली पडलेलं फूल देवाला चालत नाही, ठाऊक असेल तुला — पण बकुळ चालते, प्राजक्त चालतो. मी लाखोली धरली होती, लाख बकुळी महादेवाला. तर दोघंही वाकलेले. हे खडे वेचतायत, मी फुलं. त्यांना फूल सापडलं की माझ्या परडीत, मला खडा सापडला की त्यांच्या खिशात. तुझा देव आणि माझं मशीन, दोघांचं सोवळं सारखंच कडक, म्हणायचे. एकदा विचारलं, लाखोली कशासाठी गं? म्हटलं, कशासाठी नाही. सगळं आहे, काय मागू? तर म्हणाले, “अगं, काहीतरी मागून ठेव, वेळेला उपयोगी पडेल.” — असो. चष्म्याचा पट्टा घट्ट कर.

आता हे महत्त्वाचं, माझ्याकडे बघ. कानाला मफ लावले की तुला जगातलं काही ऐकू येणार नाही. हाक मारून उपयोग नाही. आणि मागून येऊन खांद्याला हात तर कधीच लावायचा नाही — माणूस दचकून वळतो, की नळी आलीच समोरच्याच्या तोंडावर. मग कसं थांबवायचं? समोरून यायचं, लांब उभं राहायचं आणि हात वर करायचा. असा. हात वर दिसला की ट्रिगर सोडायचा, बटण दाबून मशीन बंद. कुणाचा हात, कशासाठी, विचारायचं नाही. आधी बंद, मग विचार. चहा झाला की मी त्या खिडकीशी येऊन हात वर करायची. जन्मभर एका हाकेत कधी उठले नाहीत चहाला, पण हात वर दिसला की मशीन थांबलंच. माझा पदर खोचलेला आहे की नाही तेही लांबूनच बघायचे — मशीन हवा आत ओढतं ना, तिथे पदर गेला, ओढणी गेली, की गळ्याशी बेतायचं. मंगळसूत्रसुद्धा आत टाक म्हणायचे. आता मी दिवसभर खोचलेलाच ठेवते पदर.

पेट्रोल आणलंस? लाल कॅनमध्येच ना, पाण्याच्या बाटलीत नाही ना? छान. ऑइल हे इथे, मापाच्या बाटलीत, खुणेपर्यंत घे. नुसतं पेट्रोल घातलं की इंजिन जळतं. कॅनमध्येच ओत, हलव, मग टाकीत. इथे उघड्यावरच. दार लावून कारच्या शेडमध्ये कधी नाही, तो धूर जीव घेतो. मशीन तापलेलं असतं तर गार होईस्तो थांबायला लागलं असतं, पण हे गारच आहे. कधीचं गार आहे. टाकी रिकामी करून ठेवायची यांची पद्धत, ती शेवटची मिस्टर टॅनकडून करून घेतली मी. सांडलं? पूस. झाकण घट्ट. आणि जिथे भरलं तिथे सुरू करायचं नाही, लांब न्यायचं. — काय?

यांना काय झालं म्हणून विचारतोस. काही झालं नाही रे. तेच तर. बूट होते, चष्मा होता, मफ होते. फेरी मारून झाली होती. मी फुलं घेऊन आत आले, सहाणेवर गंध उगाळत होते, बाहेर आवाज चालू — आणि आवाज उतरला. बंद नाही झाला, उतरला, नुसता गुरगुरायला लागला. ट्रिगर सुटला की तसं होतं. ट्रिगर दाबून अडकवून ठेवायची सोय आहे बघ तिथे बाजूला, ती यांनी कधी वापरली नाही, तूही वापरू नकोस — म्हणून तर मला लगेच कळलं. धावत आले. बकुळीला टेकून बसल्यासारखे होते, कलंडलेले. नळी भिंतीकडे. पडतानासुद्धा दाराकडे होऊ दिली नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. मी विचारलं, आवाजाने का? नाही. उन्हाने? नाही. प्रेशरची गोळी घेतलेली होती, माझ्याच हातची. त्यांचा एक नियम चुकला नव्हता, माझा एक नेम चुकला नव्हता. काही चुकलेलं असतं ना, तर धरायला तरी झालं असतं. रात्री पडल्या पडल्या तेच धरून बसले असते. काहीच नाही रे हाताशी.

आहेत, आहेत. तू काय समजलास? आत आहेत. त्या खिडकीजवळचा पलंग. बोलत नाहीत. डोळे उघडे असतात, पण कुणावर ठरत नाहीत. आणि उजवी मूठ — ही अशी, वळलेली. फिजिओथेरपीची मुलगी येते, ती म्हणते स्नायू आखडलेत. असतील. पण मला विचारशील तर ट्रिगर धरल्यासारखी दिसते. हे बोट बघ, असंच वाकलेलं. मला वाटतं कानाला मफ लावून तिकडे कुठेतरी उभे आहेत, आणि आम्ही सगळे मागून हाका मारतोय. ओळखीचे आवाज ऐकवा, म्हणाले डॉक्टर. विभा भजनं लावते. अरे, भजनं माझ्या ओळखीची. यांच्या ओळखीचा आवाज तू हातात धरलायस तो. विभाला म्हटलं, तर म्हणाली, “आई, प्लीज, ते मशीन माझ्या डोळ्यांसमोर नको.” तिचंही बरोबर आहे. लेक आहे, तीही किती सोसणार. पण माझ्या खांद्याने दोरी ओढवत नाही, केला प्रयत्न. म्हणून तुला सकाळी बोलावलं, ती नसताना. घ्यायच्या आधी चालवून बघतातच ना? तू चालवून बघ. तेवढंच. मशीन चांगलं आहे, फसवत नाहीये मी तुला.

बकुळीपाशी जा. खिडकीखाली नको, धूर आत जाईल — वारा रस्त्याच्या बाजूला आहे, मघाशी उदबत्ती धरून बघितलं मी. फेरीही मारलीय. हे बघ खडे, पदराच्या गाठीत. कुणाच्या खिशात टाकू कळेना. खाली ठेव मशीन, डाव्या हाताने दाबून धर, तो रबराचा फुगा दाब, अजून, अजून. चोक ओढ. — थांब, फुलं. खालची फुलं वेचायची राहिली. सकाळपासून तुझीच वाट बघत बसले ना. नाही, राहू देत. राहू देत म्हणते ना. मफ लाव. नीट बसले? उन्मेष? ऐकू येतंय? — नाही येत. बरं. ओढ दोरी. ओढ —

झालं. झालं सुरू. किती दिवसांनी. नळी खाली, हां, तशीच. आता तुला ऐकू येत नाहीये म्हणून सांगते, उन्मेष, कुणाला सांगितलेलं नाही. मी मागितलं. हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला होता तो निष्काम, आणि अर्ध्या वाटेवर त्यात मागणं घालायचं नसतं, माझ्या आईने शिकवलेलं. ते घातलं मी. हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये उभ्या उभ्या. बरं कर म्हटलं. मग नुसतं बोलू दे म्हटलं. मग ओळखू दे. भाजीवालीशी करतात तसं कमी कमी करत आले बघ महादेवाशी. आता फक्त मूठ. ती एकदा सुटू दे. आणि सुटायचीच नसेल, तर त्यांना थकवू नकोस — असंसुद्धा काल म्हणून गेले, आणि मग निरांजन लावायला हात धजेना. फुलं उडाली बघ सगळी, भिंतीशी गेली. जाऊ देत. इथून खिडकीतून दिसतायत हे. पापणी हलली का? हलली का हो? नाही, पंख्याने केस उडाले. चुकतेय माझं, मी बाजूला उभी आहे. समोरून यायचं. खिडकीच्या मधोमध, त्यांना दिसेल असं. लांब उभं राहायचं. अहो — चहा झाला. इकडे बघा, हा हात —

— अरे. बंद का केलंस?

बंद का — हो. हो रे बाळा. हात वर दिसला. मीच सांगितलं, कुणाचा, कशासाठी, विचारायचं नाही. तुझ्याकडे पाठ होती माझी, तरी तू सोडलास. बरोबर केलंस. तो तुला नव्हता, पण बरोबर केलंस.

मूठ? तशीच आहे. नाही, परत नको सुरू करूस. एकदाच म्हटलं होतं मी महादेवाला.

मफ काढ की, मघापासून मी कुणाशी बोलतेय. ने तू मशीन. तुझ्या हाती नीट राहील. हात दिसल्याबरोबर सोडतोस, एवढंच त्यांनी बघितलं असतं. विभाला मी सांगेन. गार होऊ दे, मग टाकी रिकामी कर, पेट्रोल घेऊन एमआरटीच्या गाडीत चढू नकोस. चष्मा घे, मफ घे, ऑइलची बाटली घे. बूट तेवढे काढून ठेव. होतायत तुला, दिसतंय मला, पण ते लागतील आम्हाला. दाराशी, होते तसे, टोकं बाहेरच्या बाजूला. ठेवलेस?

जा आता. चहा झालाय यांचा.