नवमीची पटाशी

माहं गाव देऊळघाट. आता मुक्काम दुसऱ्या खेड्यात आहे, पण कोणी इचारलं कुठचे, तर तोंडातून देऊळघाटच निघते. आमच्या घरात सुतारकाम नव्हतं बरं का. अब्बा मिरची-मसाला इकत, पार बीबी गावच्या बाजारापर्यंत जात, अन् मले मिरचीच्या पोत्याजवळ बसवलं की अशा शिंका येत की गिऱ्हाईक पळून जाये. अब्बा म्हणे, हे पोट्टं माहा धंदा बुडवते. मंग त्यायनं मले गल्लीतल्या तुळशीराम सुताराच्या ओट्यावर नेऊन बसवलं. तिथी भुस्सा होता, पण भुश्श्यानं मले शिंक आली नाही. असा मी सुतार झालो, काय सांगू तुमाले, शिंकेपायी झालो.

तुळशीराम उस्ताद बोले कमी. वखर, तिफन, बंडीचं चाक, सगळं करे. हत्याराचे नियम मात्र लय. पटाशीच्या, म्हणजे खाच पाडायच्या हत्याराच्या, तोंडापुढं हात ठेवायचा नाही. हत्यार कोणाच्या हातात द्यायचं नाही, खाली ठेवायचं, समोरच्यानं उचलायचं. अन् ज्याच्या हातात हत्यार आहे त्याले हाक मारायची नाही. काही झालं तरी जवळ जाऊन उभं राहायचं, त्यानं मान वर केली की मंग सांगायचं. काऊन, तर हाक ऐकली की माणूस तिकडं पाह्यते अन् हात इकडं तसाच चालू राह्यते.

अन् खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी उस्ताद सगळे हत्यार धुऊन, तेल लावून पोत्यावर मांडे, हळदकुंकू वाहे, अन् मंग दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यायले कोणी हात लावायचा नाही. म्हणे, वर्षभर आपल्यासाठी कापतात, एक दिवस पडू दे. अन् ज्याचं हत्यार त्यानंच मांडायचं. मी नमाजी माणूस, मी कुंकू लावत नाही, पण धुतो, तेल लावतो, पोत्यावर ठेवतो अन् दुकान बंद. लोकायले माहीत आहे, नवमीले शब्बीर मिस्त्री कोणाचा खिळाही ठोकत नाही.

हे सगळं काऊन सांगून राह्यलो ते पुढं समजन तुमाले.

तर इथल्या शाळेचं असं झालं, की मोठ्या बाईनं, म्हणजे हेडमास्तरीण बाईनं, मले बाकं दुरुस्त कराले बोलावलं. मी व्हरांड्यात रंधा मारून राह्यलो तर सगळी सातवी खिडकीत. रंध्यातून जो लांब छिलका निघते ना गोल गोल, तो घ्यायले भांडणं. बाई म्हणे, मिस्त्री, यायले शिकवता का? म्या म्हटलं, बाई, माह्या हत्याराची धार म्हणजे दाढी होते त्याच्यानं. बाई म्हणे, म्हणूनच इचारून राह्यली, बिनधारीच्या खेळण्यानं काय शिकतीन?

मंग पालकायची सभा झाली. एक जण उठला, म्हणे, बोट तुटलं तर मिस्त्री आपलं देईन का? सगळे हसले. मी नाही हसलो. मले खरंच वाटलं, तुटलं तर मी काय देईन? बाईनं सगळ्यासमोर सांगतलं, खरचटलं, थोडं कापलं तर मी पाहीन, पण एकही हत्यार वर्गाच्या खोलीबाहेर गेलं तर त्या दिवसापासून वर्ग बंद. माह्याकडं पाहून म्हणे, चालन? म्या म्हटलं, चालन.

असा सुरू झाला वर्ग. आठवड्यातून एकदा वर्ग, अन् आदल्या दिवसापासून मले जेवण जात नाही. माही बायको जुबेदा म्हणते, तुमी पोट्ट्यायले सुतारकाम शिकवता का भ्यायले शिकवता? म्या म्हटलं, दोन्ही. वर्गाच्या भिंतीवर एक मोठी फळी लावली, तिच्यावर एकेक हत्यार ठेवून पोट्ट्यायकडूनच कडंनं पेन्सिल फिरवून घेतली, चित्र रंगवून घेतले. करवतीच्या चित्रावर करवत, काटकोन मोजायच्या गुण्याच्या चित्रावर गुण्या. वर्ग सुटला की मी त्या फळीकडं पाह्यतो. एकही चित्र उघडं दिसलं नाही की मंग मले श्वास येते.

त्या वर्गात साक्षी म्हणून एक पोट्टी. बाप दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवते, माय सोयाबीन सोंगाले जाते. बोलणं थोडं, इचारणं लय. चाचा, पटाशी आडवी काऊन धरायची? चाचा, आंब्याचंच लाकूड काऊन? तिच्या हाताले मी पहिल्या दिवशीच ओळखलं, जोर करत नाही तो हात, वाट पाह्यते. अन् तिले तीच पटाशी पाहिजे, बोटभर रुंदीची, बाभळीच्या मुठीची. दुसऱ्यानं उचलली की हिचं तोंड फुगलं. पोट्टे चिडवत, साक्षीची लेक आहे बे ते, हात नोको लावू.

दसऱ्याच्या अगोदरच्या वर्गात म्या पोट्ट्यायले उस्तादाची गोष्ट सांगतली, नवमीची. धुवायचं, तेल लावायचं, ज्याचं त्यानं मांडायचं, मंग दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. साक्षी म्हणे, चाचा, मंग माह्या पटाशीचं कोण करन? माहा डोळा तवा करवतीवाल्या पोट्ट्यावर, तो लाकडावर पाय ठेवत होता. म्या म्हटलं, तुही आहे तर तूच मांडजो. म्हटलं अन् करवतीकडं गेलो. माह्या मनात, शाळेत येतीन तवा तिथीच मांडतीन टेबलावर.

वर्ग सुटला. बाहेर पोट्ट्यायचा कल्ला, सुट्टीचा. म्या फळीकडं पाह्यलं. पटाशीचं चित्र उघडं.

काय सांगू तुमाले. पहिले वाटलं भुश्श्यात पडली असन. सगळा भुस्सा हातानं चाळला, टेबलाखाली पाह्यलं, पोत्याखाली पाह्यलं. कोण्या पोट्ट्याच्या दप्तरात आहे ते, अन् तो पळून राह्यला घराकडं, पडला तर दप्तरातून आरपार जाईन, पाठीत जाईन. घरी छोटं भाऊ-बहीण असन, दप्तर उघडून पाहीन. हेच डोळ्यापुढं. तसाच बाईकडं गेलो अन् सांगतलं. बाईनं चष्मा काढला. म्हणे, मिस्त्री, मी सभेत काय बोलली होती? म्या म्हटलं, हाव बाई. म्हणे, पहिले सापडवा, बाकीचं मंग.

बाईनं घरोघरी फोन लावले. सगळीकडून नाही, नाही. साक्षीच्या घरचा फोन लागेच ना, बाप सोयाबीनच्या मळणीवर, फोन त्याच्याजवळ. मी अंधार पडेपर्यंत ज्यायचे घर जवळ त्यायच्याकडं जाऊन आलो. साक्षीचं घर पार गावाच्या शेवटी, शेताकडं. तिच्यावर शकच नव्हता मले, म्हणून ते घर राहून गेलं.

सकाळी, नवमीच्या दिवशी, जुबेदा म्हणे, चहा तरी घ्या. मी साक्षीच्या घराकडं निघालो, तेच एक राह्यलं होतं. वाटेत एकच इचार, त्या पोट्टीले एक रांगता भाऊ आहे. ती कडेवर घेऊन येते त्याले कधीकधी, शाळेच्या फाटकापर्यंत. आंगणात पाय ठेवला अन् पाह्यलं तर तो बारक्या बसेल आहे मातीत अन् तोंडात काहीतरी चकाकून राह्यलं. मी ओरडणार होतो. पण तोंड उघडलं अन् उस्ताद आठवला, हाक मारायची नाही. तसाच जवळ गेलो, वाकून हळूच पाह्यलं. चमचा होता. स्टीलचा चमचा. मी तिथीच मातीत बसलो.

साक्षीची माय बाहेर आली, म्हणे, चाचा, काय झालं, तब्बेत बरी नाही का? म्या म्हटलं, साक्षी कुठी आहे?

आत गेलो तर धान्याच्या कोठीवर पाट, पाटावर फडकं, फडक्यावर बापाचा ट्रॅक्टरचा पाना, मायचा इळा, अन् बाजूले पटाशी. धुतलेली, तेल लावलेली, मुठीले हळदकुंकू, अन् तिचं तोंड बटाट्यात खोचेल. अर्धा बटाटा. साक्षी म्हणे, चाचा, बारक्याले लागू नोये म्हणून. तशी उंच ठेवली, पण तो चढते कशावर बी.

पहिले मले रडूच आलं, अन् लगेच दुसरा इचार आला की बटाट्याच्या पाण्यानं धार गंजून जाईन. माणसाचं मन पहा कसं असते.

मी हात पुढं केला. ती मधात आली. म्हणे, चाचा, आज उचलायची नाही, तुमीच सांगतलं. मायनं तिच्या पाठीत धपाटा घातला, म्हणे, घेऊन जा चाचा, हिले अक्कल नाही, अन् तुमाले इचारून आणली म्हणून सांगते. पोट्टी रडली नाही. म्हणे, इचारलं होतं. माही आहे तर मीच मांडायची म्हणाले होते चाचा.

आता तुमी सांगा. उचलली असती, शर्टाखाली घातली असती, फळीवर लावली असती, बाईले म्हटलं असतं भुश्श्यात सापडली, तर गोष्ट मिटली असती. वर्ग वाचला असता. माहा हात तसाच हवेत. पण त्या पोट्टीनं माहा एकूणएक शब्द पाळला होता, अन् तिच्यासमोर मी तोच शब्द मोडून नेणार, तर उद्या तिले पटाशीपुढं हात ठेवू नोको हे सांगतलं तर ती काऊन ऐकन? म्या हात मागं घेतला. मायच्या शेजारणीचा फोन मागून बाईले लावला. म्हटलं, सापडली, पण तुमी या.

बाई गाडीवर आल्या. चपला काढून आत आल्या. कोठीकडं पाह्यलं, बटाट्याकडं पाह्यलं, मंग साक्षीकडं. म्या सगळं सांगतलं, तूच मांडजो म्या म्हटलं तेही. बाईनं बारक्याले कडेवर घेतलं. मंग म्हणे, हत्यार बाहेर गेलं हे तर गेलंच. सभा घ्यावीच लागन. साक्षी, उद्या सकाळी तू सोता आणून फळीवर लावशीन, माय संग पाहिजे. अन् मिस्त्री, आजचं काय? रांगतं पोरगं आहे घरात.

म्या म्हटलं, मी बसतो. अन् बसलो, आंगणात, दिवसभर. त्यायच्या दरवाज्याची एक फळी निसटलेली, खाटेचा पाय हलते, डोळ्यापुढं दिसून राह्यलं, पण नवमी, हात लावता येत नाही. साक्षीची माय हसे, म्हणे, सुतार घरी आला अन् नुसता चहा पिऊन राह्यला. बारक्या कोठीकडं रांगला की मी त्याले उचलून आणे. संध्याकाळी बाप आला, सगळं ऐकलं, कोठीच्या खोलीले कडी लावली, तवा मी उठलो.

दसऱ्याच्या सकाळी पोट्टी शाळेत आली, मायसोबत, नवं फ्राक. बटाटा काढेल, धार पुसेल, पुन्हा तेल. टेबलावर ठेवली, म्या उचलून पाह्यली, मंग परत ठेवली, अन् तिनं उचलून चित्रावर लावली. हातात दिली नाही तिनं, अन् म्याही नाही.

सभा झाली. तोच बोटवाला माणूस उठला, म्हणे, आता वर्ग बंद करा. साक्षीची माय कधी बोलत नाही, ती उभी राह्यली, म्हणे, माही पोट्टी घरात इळा कुठीही फेकून देये, आता तोंड भिंतीकडं करून ठेवते, मलेही ठेवाले लावते. एवढंच बोलून बसली. बाई म्हणे, वर्ग चालू राहीन, पण दर वेळेस एक पालक खोलीत बसन. पहिले तोच माणूस येऊन बसला. आता तो सोताच रंधा मागते.

मी मात्र तसाच. जेवण अजूनही जात नाही आदल्या दिवशी. अल्ला सगळ्यायचे बोटं सलामत ठेवो, दुसरं काही मागत नाही मी. साक्षी आता पाटाच्या पायाले खाच पाडून राह्यली. ती वाकते, वेणी पुढं येते, पटाशी चालते, अन् माह्या ओठावर तिचं नाव येते, हळू गं, जपून गं. मी ते गिळून घेतो. जवळ जाऊन उभा राह्यतो, अन् ती मान वर करेपर्यंत थांबतो.