कोबीची आवक

नाही नाही, भाजीचा विषय माझ्यापाशी काढूच नका, आणि त्यातून ती हिरवी, गोल, पदरापदराची जी असते ना, तिचं तर नावही नको, कारण तुम्हाला सांगतो, या हिवाळ्यात मी इतका कोबी खाल्लाय, इतका खाल्लाय, की ऑफिसात शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ एक दिवस मुकाट्यानं उठले आणि खुर्ची घेऊन खिडकीपाशी जाऊन बसले... बोलले काही नाहीत, सज्जन माणूस, पण खिडकी उघडली. आणि हे सगळं कशापायी? काटकसरीपायी. माझ्या नव्हे हो, भावोजींच्या.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मिस्टर. ते खालच्या मजल्यावर, आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर. गोदामात सुपरवायझर. उमेदीची सगळी वर्षं खोकी मोजण्यात गेली. कुठलं खोकं कधी आलं, कुठल्या फळीवर चढलं, कधी उतरणार, झोपेतनं उठवून विचारा, सांगतील. तर एक दिवस मालकानं त्यांना केबिनमध्ये बोलावलं, चहा दिला... मालकानं स्वतःहून चहा दिला की समजायचं, हे त्यांना कळायला हवं होतं, पण भोळा माणूस, प्यायले... आणि मग सांगितलं की धंदा मंद आहे, आता निम्मे दिवस या, पगारही निम्माच मिळेल.

भावोजी घरी आले, बूट काढले, आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज उघडून उभे राहिले. ताईला वाटलं, पाणी हवं असेल. पण हे उभेच. वाटीत झाकून ठेवलेलं काहीतरी, जे काय आहे हे ताईलाही सांगता येईना; एक लिंबू, ते दगड झालेलं; अर्धी काकडी, तिला पाणी सुटलेलं; सॉसच्या तीन बाटल्या, तिन्हींच्या तळाशी बोटबोटभर सॉस. थंड हवा सगळी घरभर चालली होती. शेवटी ताईच म्हणाली, "अहो, बिल येतं त्याचं." तेव्हा कुठे दार लावलं आणि म्हणाले, "आजपासून हे गोदाम समजायचं. घरात आलं ते पोटात गेलं पाहिजे."

झालं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक डब्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, आधी आलेला माल पुढे, नंतर आलेला मागे, आणि ताईनं नवीन भोपळी मिरचीला हात लावला की मागनं आवाज, "ती नाही, सोमवारची." रविवारचा भात सोमवारी सुपात, सोमवारचं सूप मंगळवारच्या भाजीत, मंगळवारच्या भाजीला बुधवारी काय म्हणायचं यावर नवराबायकोत अबोला. ताई मला जिन्यात गाठून म्हणाली, "कामावर निम्मा सुपरवायझर झालाय, उरलेला अर्धा माझ्याकडे पाठवलाय." पण खोटं कशाला बोलू, कचऱ्याची पिशवी अगदी चिमुकली झाली. घरात आलं ते पोटात जात होतं.

आणि मग आला कोबी.

आवक-जावक बघता बघता एका संध्याकाळी भावोजींना खालच्या कप्प्यात एक कोबी दिसला. बिनचिठ्ठीचा. ताईला विचारलं, तिनं आणला नव्हता. मला विचारलं, मी कशाला आणू? बरं, असेल कुठून आलेला, म्हणून खाल्ला. दोन दिवसांनी पुन्हा कोबी. चांगला डोक्याएवढा. तोही खाल्ला. मग आणखी एक. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाच्या गोदामात आयुष्यात एक खोकं कधी जास्तीचं निघालं नाही, त्याच्या स्वतःच्या फ्रिजमध्ये पत्ता नसलेला माल येतोय म्हटल्यावर त्याचं काय होत असेल? जेवण जाईना त्यांना. म्हणजे कोबी जाईना. पण घरात आलं ते पोटात गेलं पाहिजे, म्हणून किसून झाला, उकडून झाला, तळून झाला, आणि तरीही उरला तो पातेल्यातनं माझ्याकडे वर. आमची ही दार उघडायची, पातेलं बघायची आणि माझ्याकडे बघायची. तिच्या त्या बघण्यावर मी दोन तास बोलू शकेन, पण असो.

उलगडा झाला तो वासानं. अण्णांच्या खोलीतनं वास यायला लागला. अण्णा म्हणजे भावोजींचे वडील. वय झालंय, विसरतात. चहा पिऊन कप खाली ठेवतात आणि म्हणतात, आज चहा नाही का? हे निम्म्या पगाराचं प्रकरण त्यांच्या कानावर घालायचं नाही असं घरात पक्कं ठरलं होतं, उगाच म्हाताऱ्या जिवाला घोर. तर ताईनं मदतीला मला बोलावून झाडायला पलंग सरकवला आणि पलंगाखाली कोबी. ओळीनं मांडलेले. पुढचे बरे, मागचे काळे पडून पाणी सुटलेले.

भावोजी खाली बसले, सगळे बाहेर काढले, नासलेले वेगळे केले आणि इतके चिडले, इतके चिडले, की बापासमोर कधी आवाज न चढवणारा माणूस, म्हणाला, "अण्णा, हे काय आहे? इथे मी एकेका चमच्याचा हिशोब बघतोय आणि तुम्ही पेन्शन कोबीत घालवताय?"

अण्णांनी शांतपणे पांघरूण नीट केलं. म्हणाले, "स्वस्त होता. मोठा येतो. घरात काहीतरी असावं रे. तुझं काम सुटलंय ना."

भावोजींनी ताईकडे बघितलं, तिनं मान हलवली, माझ्याकडे बघितलं, मी कशाला सांगेन? शेवटी भावोजींनी विचारलं, "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं?" अण्णा म्हणाले. "दुपारचा घरी असतोस."

म्हणजे बघा. कप कुठे ठेवला ते आठवत नाही, पण ज्या दिवशी मुलगा दुपारी घरात दिसायचा, त्या दिवशी त्यांच्या पोटात नव्यानं खड्डा पडायचा. आदल्या खेपेचं काही आठवत नाही, त्यामुळे दर वेळी तो धक्का पहिलाच. आणि दर वेळी म्हातारा पिशवी घेऊन काठी टेकत नाक्यावर जाणार, भाजीवालीकडनं तिच्या पाटीतला सगळ्यात मोठा, सगळ्यात स्वस्त ऐवज उचलणार, आणि मुलाला ओशाळं वाटू नये म्हणून गुपचूप ठेवणार, कधी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, कधी पलंगाखाली. यावर कुठल्या गोदामात काय उपाय आहे?

भावोजींनी एकच केलं. दुपारी घरी असणं बंद केलं. कामाचा दिवस असो नसो, सकाळी बूट घालायचे, डबा घ्यायचा, अण्णांना "येतो" म्हणायचं आणि बाहेर पडायचं. पहिल्या दिवशी बागेत बसले, अवकाळी पावसानं भिजले. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या बाकावर बसले आणि तिथे समोरून अण्णा, फिरायला निघालेले. त्यांनी मुलाकडे बघितलं, मान खाली घातली आणि वळले ते सरळ भाजीवालीकडे. तिसऱ्या दिवसापासून आमच्याकडे. हो, वर, माझ्या घरी, दिवसभर, पायात मोजे घालून, कारण खाली पावलं ऐकू जातील. आणि बसून करणार काय? आमचा फ्रिज उघडला. आमच्या डब्यांना चिठ्ठ्या लागल्या. आमची ही माहेरी जाते म्हणाली. मी म्हटलं, जाताना पातेलं घेऊन जा. घरात आलं ते पोटात गेलं पाहिजे, आता माझ्याही घरात!

पण कोबी थांबला, हे खरं. एक आठवडा गेला, दुसरा गेला, खालच्या कप्प्यात काही नाही, पलंगाखाली काही नाही. ताईचा किराणा निम्म्यावर आला. पुसून घेतलेल्या ताटासारखी सगळी भांडी रिकामी. जे भावोजींना हवं होतं ते अगदी तंतोतंत झालं, आणि हा माणूस रोज संध्याकाळी घरी जाऊन पहिल्यांदा पलंगाखाली वाकून बघायचा. काही नसलं की उठायला वेळ लावायचा. ताईनं विचारलं, काय शोधताय? म्हणाले, चप्पल.

परवा गोदाम कायमचं बंद झालं. मालकानं पुन्हा चहा दिला म्हणे, पण भावोजींनी घेतला नाही. दुपारीच निघाले. माझ्याकडे यायचं त्राण नव्हतं, की यावंसं वाटलं नाही, कोण जाणे, नाक्यावर थांबले, भाजीवालीकडनं स्वतःच एक कोबी घेतला, आणि भर दुपारी आपल्याच घराची बेल वाजवली. ताई नेमकी बाहेर गेलेली. दार अण्णांनी उघडलं. मी त्या दिवशी रजेवर, नेमका जिन्यात होतो म्हणून सांगतो, भावोजी कोबी हातात धरून तसेच उभे राहिले, म्हातारा कधी आपल्याकडे बघतो आणि कधी त्याच्या पोटात तो खड्डा पडतो, याची वाट बघत.

अण्णांनी बघितलं. कोबीकडे, मग त्यांच्याकडे. अगदी अदबीनं म्हणाले, "नको हो, आमच्याकडे कोबी कोणी खात नाही. मुलगा चांगल्या नोकरीला आहे, आम्हाला काही कमी नाही. काही काम असेल तर तो आल्यावर, संध्याकाळी या."

आणि हळूच दार लावलं.

भावोजी जिना चढून वर आले. कोबी आमच्या टेबलावर ठेवला, बूट काढले, खुर्चीत बसले. मी म्हटलं, अहो, किल्ली आहे ना तुमच्याकडे, खाली जा, सांगा त्यांना. तर म्हणाले, "असू दे. संध्याकाळी या म्हणालेत."